वर्गसमीकरणाचं उत्तर पुन्हा पुन्हा चुकतंय? सूत्राला हात लावण्याआधी हे तपासा

आधी लक्षणं. तुमच्या किंवा तुमच्या मुलाच्या वहीत यातलं काय दिसतंय ते बघा.

- पुस्तकामागे ३ आणि ४, वहीत −३ आणि −४.
- पुस्तकात दोन उत्तरं, वहीत एकच. हरवलेलं उत्तर बहुतेक वेळा शून्य असतं.
- सूत्र तोंडपाठ, तरी उत्तरं ८.२५ आणि ५.७५ अशी काहीतरीच.
- वर्गमुळाखाली ऋण संख्या आली म्हणून "मुळं नाहीत" लिहून मोकळं. पुस्तकात मात्र २ आणि −६.
- मधलं पद फोडायला बसून वीस मिनिटं झाली, जोडी सापडत नाही.
- शाब्दिक उदाहरणात जागेची रुंदी −१२ मीटर.
- दोन उत्तरं व्यवस्थित काढली, पण त्यातलं एक दिलेल्या समीकरणात बसतच नाही.

मी गोव्यात माशेलला घरीच दहावीच्या मुलांना गणित शिकवते. हा धडा सुरू झाला की पुढचे तीन आठवडे आमच्या बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या पडवीत, एकच वाक्य ऐकू येतं: "टीचर, हें जायना" (हे जमत नाही). आणि प्रत्येकाची खात्री असते की आपलं सूत्र चुकलं. इतक्या वर्षांत सूत्रच चुकीचं पाठ असलेली मुलं मला मोजकीच भेटली. बिघाड सूत्राच्या आधी असतो, मांडणीत आणि चिन्हात, नाहीतर सूत्राच्या नंतर, उत्तर वाचण्यात. म्हणून गणित पहिल्यापासून पुन्हा सोडवू नका. पुन्हा सोडवताना हात त्याच वळणावर तसाच वळतो आणि तीच चूक दुसऱ्यांदा होते, वर तिच्यावर विश्वासही बसतो.

लिहिण्याची सोय म्हणून: अज्ञात संख्येला क्ष म्हणते, आणि सर्वसाधारण समीकरण असं:

अक्ष² + बक्ष + क = ०

शाळेत इंग्रजी अक्षरं वापरतात, त्यांच्या जागी अ, ब, क समजा.

"रूट" हा शब्द नेमका कशासाठी वापरताय?

फुकटातली तपासणी, आणि आपल्याकडे हिची गरज जास्त. गोव्यात पुष्कळ मुलं चौथीपर्यंत मराठीत शिकतात आणि पाचवीपासून इंग्रजीत. इंग्रजीत वर्गमुळालाही "रूट" आणि समीकरणाच्या उकलीलाही "रूट". "रूट काढा" असं वाचलं की काही मुलं थेट समीकरणातल्या शेवटच्या संख्येचं वर्गमूळ काढायला लागतात. मराठीत शब्द वेगळे आहेत, ते कामाला लावा. वर्गमूळ म्हणजे जिचा वर्ग केला की दिलेली संख्या मिळते ती. समीकरणाचं मूळ म्हणजे क्षच्या जागी घातली की डावी बाजू शून्य होते ती संख्या. क्ष² − ७क्ष + १२ मध्ये ३ घाला: ९ − २१ + १२ = ०. म्हणून ३ हे मूळ. बास, एवढीच व्याख्या. पुढच्या सगळ्या तपासण्या हिच्यावर उभ्या आहेत.

उत्तर परत घाला. नाहीतर बेरीज-गुणाकार बघा

व्याख्येतूनच पहिली चाचणी मिळते. आलेलं उत्तर समीकरणात घाला, शून्य आलं तर बरोबर. अर्ध्या मिनिटाचं काम. पण उत्तर अपूर्णांकात किंवा वर्गमुळात असेल तर मुलं घालायला कंटाळतात, आणि त्यांचं चूक नाही. तिथे दुसरी चाचणी:

मुळांची बेरीज = −ब ÷ अ
मुळांचा गुणाकार = क ÷ अ

हे का चालतं? मुळं प आणि फ असतील तर समीकरण अ(क्ष − प)(क्ष − फ) = ० असंच असणार. कंस सोडवा: क्ष च्या शेजारी −अ(प + फ) येतं आणि शेवटी अ·प·फ. तेच आपले ब आणि क.

उदाहरण: २क्ष² − ७क्ष + ३ = ०. बेरीज ३.५ हवी, गुणाकार १.५ हवा. वहीत ८.२५ आणि ५.७५ असेल तर बेरीज १४ होते, म्हणजे उत्तर नक्की चुकलंय. खरी मुळं ३ आणि १/२, बेरीज ३.५, गुणाकार १.५. शिवाय या चाचणीतून चुकीचा प्रकारही कळतो. गुणाकार जुळतो पण बेरजेचं फक्त चिन्ह उलटं येतं? मग −ब मधला उणे विसरलाय. पहिलं लक्षण तेच. बेरीज जुळते आणि गुणाकार जुळत नाही? मग गडबड वर्गमुळाच्या आत आहे, बहुतेक क च्या चिन्हात. दोन्ही जुळत नाहीत तर पुढे वाचा.

आमच्या घरी विहिरीचा पंप बंद पडला की नवरा आधी फ्यूज बघतो, मग पाण्याची पातळी, आणि मगच मोटर उघडतो. ही चाचणी म्हणजे तो फ्यूज.

उजवीकडे शून्य आहे ना?

(क्ष − २)(क्ष − ३) = ६

हे दिसलं की अर्धी मुलं लिहितात: क्ष − २ = ६ किंवा क्ष − ३ = ६, म्हणून क्ष = ८ किंवा ९. घालून बघा: ८ घातलं तर ६ × ५ = ३०, ९ घातलं तर ७ × ६ = ४२. सहा कुठेच नाही.

दोन संख्यांचा गुणाकार शून्य असेल तर त्यातली एक तरी शून्य असलीच पाहिजे. ही सोय फक्त शून्याला आहे, सहाला नाही. सहा म्हणजे २ × ३, १ × ६, −२ × −३, १२ × ½, कितीही प्रकारे. अवयव पद्धतीचा सगळा जीव या एका गोष्टीत आहे, म्हणून "सगळं डावीकडे आणा" हे शिस्तीपोटी सांगत नाहीत. कंस सोडवा, ६ इकडे आणा: क्ष² − ५क्ष = ०, म्हणजे क्ष(क्ष − ५) = ०, मुळं ० आणि ५.

आणि सगळं डावीकडे आणल्यावर क्ष² उरलाय का तेही बघा. (क्ष + २)² = क्ष² + १० मध्ये क्ष² दोन्हीकडून उडून जातो. हे वर्गसमीकरण नव्हेच; क्ष = १.५ हे एकच उत्तर, आणि दुसरं शोधत बसू नका.

क्षने भागलंत का?

क्ष² = ६क्ष. दोन्ही बाजूंना क्षने भागलं, क्ष = ६. सुटसुटीत आणि चुकीचं. क्ष जर शून्य असेल तर तुम्ही शून्याने भागलंत, आणि शून्य हेच तर दुसरं मूळ होतं. भागू नका, क्ष बाहेर काढा. "एकच उत्तर आलं" या तक्रारीत मी आधी इथेच बोट ठेवते. क्ष² = ९ वरून नुसतं क्ष = ३ लिहिणारे −३ हरवतात, ते याच कुळातले.

अ, ब, क चिन्हासकट लिहा

इथे जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त गुण इथेच वाहून जातात.

सूत्र असं:

क्ष = [−ब ± √(ब² − ४अक)] ÷ २अ

सूत्र लिहिण्याआधी वहीत एक वेगळी ओळ हवी: अ = __, ब = __, क = __. चिन्ह त्या आकड्याचाच भाग. क्ष² − ७क्ष + १२ मध्ये ब म्हणजे ७ नव्हे, −७. मग −ब म्हणजे −(−७) = ७. ही ओळ मी सक्तीने लिहायला लावते आणि मुलांना ती अपमानास्पद वाटते. "टीचर, एवढं डोक्यात होतं." होत नाही. ही ओळ गाळणाऱ्यांच्याच वह्यांत −३ आणि −४ सापडतात.

दुसरी जागा ब². ब = −७ तर ब² = ४९, कधीच −४९ नाही. वास्तव संख्येचा वर्ग ऋण होत नाही. पण मोबाइलवरच्या किंवा सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर कंस न देता −७² दाबलं की पुष्कळ ठिकाणी −४९ येतं, कारण यंत्र आधी ७ चा वर्ग करतं आणि मग उणे लावतं. नियमाप्रमाणे ते बरोबरच आहे. कंस तुम्ही द्यायचा: (−७)².

तिसरी जागा क. क्ष² + ४क्ष − १२ = ० मध्ये क = −१२. मग ब² − ४अक = १६ − ४(१)(−१२) = १६ + ४८ = ६४. मुळं (−४ ± ८) ÷ २, म्हणजे २ आणि −६. क चा उणे विसरलात तर १६ − ४८ = −३२, आणि वहीत "मुळं नाहीत". यावर एक सोपा पहारा आहे. अ आणि क ची चिन्हं एकमेकांविरुद्ध असतील तर −४अक नेहमी धन, ब² कधी ऋण नाही, म्हणजे वर्गमुळाखाली ऋण संख्या येणं शक्यच नाही. आली तर चिन्ह घसरलंय. काहीही न सोडवता, नुसतं समीकरण बघून हे कळतं.

भागाकाराची रेघ किती लांब आहे?

हसू नका. ८.२५ आणि ५.७५ इथून येतात. २क्ष² − ७क्ष + ३ = ० मध्ये वर्गमुळाखाली ४९ − २४ = २५. बरोबर लिहिलं तर (७ ± ५) ÷ ४, म्हणजे ३ आणि १/२. रेघ फक्त वर्गमुळाखाली ओढली की ७ ± ५/४ होतं.

सूत्र दोन तुकड्यांत वाचलं तर रेघ चुकत नाही:

−ब ÷ २अ : दोन मुळांच्या बरोबर मधली जागा
√(ब² − ४अक) ÷ २अ : त्या मध्यापासून प्रत्येक मुळाचं अंतर

इथे मध्य ७/४, अंतर ५/४. एकदा इकडे, एकदा तिकडे: १२/४ आणि २/४. ± चा अर्थ एवढाच. दोन्ही मुळं मध्यापासून सारख्या अंतरावर, म्हणून बेरीज मध्याच्या दुप्पट, −ब ÷ अ. आधी जी चाचणी पाठ केली तीच इथे उघडी पडते.

जोडी सापडत नाही? आधी विवेचक काढा

ब² − ४अक याला विवेचक म्हणतात. मुलं "डी" म्हणतात. मधलं पद फोडायला बसण्याआधी तो काढायला एक मिनिट लागतं आणि वीस मिनिटं वाचतात. अ, ब, क पूर्णांक असतील तर नियम पक्का आहे: विवेचक पूर्ण वर्ग असला तरच पूर्णांकांत जोडी आहे, नसला तर नाही.

६क्ष² + क्ष − १५ = ०: विवेचक १ + ३६० = ३६१, म्हणजे १९ चा वर्ग. जोडी आहे, शोधा. गुणाकार अ × क = −९०, बेरीज ब = १: १० आणि −९. अवयव (२क्ष − ३)(३क्ष + ५), मुळं ३/२ आणि −५/३.

क्ष² − ४क्ष + १ = ०: विवेचक १२. जोडी नाही, रात्रभर बसलात तरी नाही. सरळ सूत्र: २ + √३ आणि २ − √३. आणि √३ तसंच ठेवा. १.७३ लिहून पुढे घातलं की समीकरण शून्यावर येत नाही आणि मूल पुन्हा चूक शोधायला लागतं.

सूत्रच आठवत नाही, किंवा त्यावर विश्वास नाही

मग जुन्या काळचे भारतीय गणिती श्रीधराचार्य यांची युक्ती. आपल्याकडे या सूत्राला त्यांचंच नाव लावतात. त्यांचा नियम पुढे भास्कराचार्यांनी उद्धृत केला म्हणून तो आपल्यापर्यंत आला. सांगणं असं: दोन्ही बाजूंना ४अ ने गुणा, मग ब² मिळवा. २क्ष² − ७क्ष + ३ = ० ला ८ ने गुणा:

१६क्ष² − ५६क्ष + २४ = ०
१६क्ष² − ५६क्ष = −२४
१६क्ष² − ५६क्ष + ४९ = २५
(४क्ष − ७)² = २५
४क्ष − ७ = ५ किंवा −५

क्ष = ३ किंवा १/२. शाळेतल्या पूर्ण वर्ग पद्धतीत आधी अ ने भागतात, त्यामुळे ७/४ चा वर्ग ४९/१६ अशा अपूर्णांकांच्या जंगलात शिरावं लागतं आणि तिथे मुलं हरवतात. इथे शेवटच्या ओळीपर्यंत एकही अपूर्णांक नाही. माझं मत विचाराल तर सूत्र पाठ करण्याआधी हे चार वेळा हाताने करावं. २५ कुठून आलं ते डोळ्यांदेखत दिसतं: तोच विवेचक.

उत्तर बरोबर आहे, पण वाचता येत नाही

आता अवघड भाग. इथे आकडेमोड चुकलेली नसते.

मानकुराद आंबा पाडायला झाडाखालून दगड सरळ वर फेकला, सेकंदाला २० मीटर वेगाने. गुरुत्वाकर्षणाचं त्वरण ९.८ च्या जागी सोयीसाठी १० धरलं आणि हवेचा अडथळा सोडला, तर क्ष सेकंदांनी दगडाची उंची २०क्ष − ५क्ष² मीटर. (फेकू नका. शेजाऱ्यांची कौलं आणि त्यांच्याशी असलेले संबंध, दोन्ही जपायला हवीत.)

आंबा १५ मीटरवर असेल तर: ५क्ष² − २०क्ष + १५ = ०, म्हणजे क्ष² − ४क्ष + ३ = ०, मुळं १ आणि ३. "टीचर, दोन उत्तरं कशी? आंबा तर एकच आहे." आंबा एकच, पण दगड त्या उंचीवरून दोनदा जातो. एकदा वर जाताना पहिल्या सेकंदाला, एकदा खाली येताना तिसऱ्या सेकंदाला.

आंबा २० मीटरवर: क्ष² − ४क्ष + ४ = ०, विवेचक शून्य, दोन्ही मुळं २. दगड वर जायचा थांबतो तो क्षण हाच, आंब्याला जेमतेम शिवून परत. मघाचा मध्य आठवा: १ आणि ३ च्या मधोमध २. उंची वाढवत नेली तसतशी दोन्ही मुळं एकमेकांकडे सरकत गेली आणि इथे एकत्र आली.

आंबा २५ मीटरवर: क्ष² − ४क्ष + ५ = ०, विवेचक −४. वास्तव मुळं नाहीत. दगड तिथवर पोचतच नाही. म्हणजे ऋण विवेचक हेही उत्तरच आहे, "या वेगाने जमणार नाही" असं सांगणारं. दहावीत एवढं लिहून थांबायचं. अकरावीत याच समीकरणाला संमिश्र संख्यांत दोन मुळं मिळतात.

"दोन भिन्न, दोन समान, वास्तव नाहीत" हे तीन प्रकार मी तक्त्यातून शिकवत नाही. तक्ता दोन दिवसांत पुसला जातो, आंबा राहतो.

ऋण उत्तर टाकायचं की ठेवायचं?

परसातली भाजीची जागा, लांबी रुंदीपेक्षा ५ मीटरने जास्त, क्षेत्रफळ ८४ चौरस मीटर. रुंदी क्ष: क्ष² + ५क्ष − ८४ = ०, (क्ष + १२)(क्ष − ७) = ०. रुंदी ७, लांबी १२. −१२ टाकून द्यायचा, कारण जागेची रुंदी ऋण नसते. पण टाकण्याआधी त्याच्याकडे एकदा बघा: −१२ म्हणजे आपल्याच जागेची लांबी, उणे लावून. −१२ आणि −७ यांच्यातही ५ चाच फरक, गुणाकारही ८४. समीकरणाला तुमची भाजी माहीत नाही, त्याला दोन्ही जोड्या सारख्याच. निवड आपण करायची, आणि कारण वहीत लिहायचं: "रुंदी ऋण नसते म्हणून −१२ अग्राह्य." हे वाक्य न लिहिता उत्तर नुसतं खोडू नका.

होडीचं उदाहरण घ्या. स्थिर पाण्यात ताशी १० किमी वेगाची होडी मांडवी नदीत २४ किमी प्रवाहाविरुद्ध गेली, तेवढंच अंतर प्रवाहाबरोबर आली. जाताना एक तास जास्त लागला. प्रवाहाचा वेग क्ष:

२४/(१० − क्ष) − २४/(१० + क्ष) = १
क्ष² + ४८क्ष − १०० = ०

मुळं २ आणि −५०. ताशी २ बरोबर: जाताना २४ ÷ ८ = ३ तास, येताना २४ ÷ १२ = २ तास. −५० का टाकायचा? "ऋण आहे म्हणून" असं उत्तर देणाऱ्याला मी भरतीची आठवण करून देते. मांडवीत भरतीचं पाणी आत शिरतं, प्रवाह उलटा होतोच. ऋण प्रवाह म्हणजे उलटा प्रवाह, त्यात अशक्य काही नाही. अशक्य आहे ते ५०. दहाच्या वेगाची होडी ताशी ५० किमीच्या पाण्याविरुद्ध पुढे जाणारच नाही, तर परत येणार कुठून?

आणि कधी दोन्ही उत्तरं राहतात. भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'त माकडांच्या कळपाचं उदाहरण आहे: कळपाच्या आठव्या भागाच्या वर्गाइतकी माकडं वनात खेळतायत, उरलेली १२ टेकडीवर. (क्ष/८)² + १२ = क्ष, म्हणजे क्ष² − ६४क्ष + ७६८ = ०. मुळं ४८ आणि १६, दोन्ही चालतात. त्याच ग्रंथातलं दुसरं: कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून आलेल्याचा वर्ग गुहेत गेला, एक माकड झाडावर दिसतंय. क्ष² − ५५क्ष + २५० = ०, मुळं ५० आणि ५. दोन्ही धन, तरी भास्कराचार्य ५ घेत नाहीत. पाचाचा पाचवा भाग १, त्यातून ३ गेले की −२ उरतात. −२ माकडं ही गोष्ट लोकांना पटत नाही, असं त्यांचं कारण. म्हणजे उत्तर धन असलं म्हणून सुटला नाहीत. वाटेतल्या राशीही तपासायच्या.

वर्ग करून सोडवलंय का?

√(२क्ष + ३) = क्ष. दोन्ही बाजूंचा वर्ग: क्ष² − २क्ष − ३ = ०, मुळं ३ आणि −१. ३ बसतो: √९ = ३. −१ घाला: डावीकडे √१ = १, उजवीकडे −१. बसत नाही. आकडेमोड निर्दोष आहे. वर्ग करताना १ आणि −१ मधला फरक पुसला गेला आणि एक उपरं मूळ आत आलं. छेदात क्ष असताना गुणाकार करूनही असं होतं. या दोन ठिकाणी उत्तर *पहिल्या* ओळीत घालून बघणं सक्तीचं. मधल्या ओळीत घातलं तर उपरं मूळही साळसूदपणे बसतं.

कॅल्क्युलेटरवरून वाद

हे क्वचितच लागतं, म्हणून थोडक्यात. क्ष² − १०००क्ष + १ = ० चं धाकटं मूळ दुकानातल्या आठ आकडी कॅल्क्युलेटरवर काढलं आणि त्याने √९९९९९६ चे पुढचे आकडे कापून ९९९.९९७९९ दाखवलं, तर उत्तर ०.००१००५ येतं. खरं ०.००१०००००१ च्या आसपास. जवळजवळ सारख्या दोन संख्या वजा केल्या की नेमके कापलेले आकडेच महत्त्वाचे ठरतात. उपाय: मोठं मूळ सूत्राने काढा, धाकटं गुणाकारावरून, क ÷ (अ × मोठं मूळ).

इथे थांबा आणि जाणकाराला विचारा

उत्तर समीकरणात बसतंय, बेरीज आणि गुणाकारही जुळतायत, आणि तरी पुस्तकाशी पटत नाही: थांबा. एका मुलाने मार्गदर्शिकेतल्या एका उत्तरासाठी तेच गणित चार वेळा सोडवलं होतं, चारही वेळा बरोबर. छापलेलं चुकीचं होतं. अशा वेळी वही घेऊन शाळेतल्या शिक्षकांकडे जा, पडताळा दाखवा. पाचव्यांदा सोडवू नका.

समीकरणात क्ष³ किंवा वरचा घात उरला असेल आणि सोपा अवयव दिसत नसेल, तरीही थांबा. क्ष⁴ − ५क्ष² + ४ सारखं असेल तर क्ष² ला एक अक्षर द्या, आतून वर्गसमीकरणच निघतं. पण घन समीकरणाचं सर्वसाधारण सूत्र दहावीचं काम नाही, आणि पाचव्या घातासाठी बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि मुळं वापरून असं सर्वसाधारण सूत्र असूच शकत नाही, हे गणितज्ञ आबेलने १८२४ साली सिद्ध केलंय.

मुलाने दोन-तीन महिने रोज सराव केला, अ-ब-कची ओळही लिहितं, आणि तरी −७ आणि ७ मधला फरक हातातून निसटतो, आकडे उलटसुलट उतरवले जातात, साधी वजाबाकी बोटांवर जाते? मग प्रश्न वर्गसमीकरणाचा नाही. आणखी शिकवणी लावू नका, रागावू तर अजिबात नका. शाळेच्या समुपदेशकांशी किंवा विशेष शिक्षकांशी बोला. गणिताची अध्ययन अक्षमता तपासता येते.

आणि हे सगळं वाचून कुणी खरोखरच्या जागेचं कुंपण आखायला निघालं असेल, तर क्ष वहीत ठेवा आणि सर्व्हेअरला बोलवा. आपल्याकडच्या जुन्या जागांना चार काटकोन क्वचितच असतात, त्यामुळे लांबी गुणिले रुंदी ही पहिली ओळच तिथे लागू पडत नाही.